काचांना दाखवलेलं ऊन

मूर्खपणासुद्धा मन लावून केला तरच मोठा होतो. माझा सर्वांत मोठा मूर्खपणा मी तेराव्या वर्षी केला. परकर खोचलेला, केसांना फडकं बांधलेलं, आणि घरातली सगळ्यांत शहाणी बाई आपणच, अशी ठाम समजूत. आश्विनातलं कडक ऊन अंगणात उतरलं होतं. त्या उन्हात मी नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटोच्या काचा पेटीतून एकेक काढल्या, त्यांचे काळे कागद सोडले, आणि सुपांमध्ये मांडून वाळत घातल्या. त्या काळी फोटो काचेवर निघत असे. या काचांवर फोटो काढून झाले होते, पण औषधात बुडवून ते वर आणायचे राहिले होते. असल्या काचेला काजव्याएवढा उजेड लागला तरी ती वाया जाते. मी त्यांना अख्खा सूर्य दाखवला. वर कावळ्यांनी घाण करू नये म्हणून हातात काठी घेऊन राखणीला बसले. काय ती जबाबदारीची जाणीव!

आज हे वर यायचं कारण आमची सूनबाई. सकाळीच तिनं गाद्या, गोधड्या, कपाटातले शालू, ट्रंकेच्या तळातले लोकरीचे कपडे, सुकवलेल्या सोड्यांचा डबा, सगळं अंगणात काढलं. समुद्रकाठच्या आमच्या अष्टागरात पाऊस नुसता पडत नाही, तो घरात राहायला येतो. जाताना भिंतींवर, चपलांवर, देवाच्या पोथीवर आपली पांढरी बुरशी ठेवून जातो. मग आश्विन आला की घरोघरच्या बायका कंबर कसतात आणि हलेल त्या वस्तूला ऊन दाखवतात. "ऊन दाखवणं" म्हणजे आमच्याकडे औषध, शिक्षा आणि सणाची तयारी, सगळं एकच. मलाही सूनबाईनं खुर्चीसकट बाहेर आणून ठेवलं. "बसा आई, तुम्हालाही जरा ऊन लागू दे." म्हटलं, बाई गं, मला बुरशी धरली तरी चालेल, पण मला सुपात घालू नकोस. ती हसली. गादीला ऊन लागलं की कापसातून जो कोंदट, गोडसर वास निघतो, तो नाकात गेला आणि माझं हसू तिथंच थांबलं. तो वास आला की आमच्या रेवदंड्याच्या त्या अंगणात मी परत काठी घेऊन बसते. वर्षं उलटली, नातवंडं झाली, दात गेले. काठी मात्र हातात आलीच.

आमचे नाना जन्मानं सोनार आणि कर्मानं फोटोग्राफर. आजोबांना हा शेवटपर्यंत घराण्याला लागलेला बट्टाच वाटला. "चांदी आटवायची सोडून हा चांदी काचेला फासतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कॅमेरा घ्यायला आईच्या पाटल्या गेल्या होत्या. तो लाकडी डबा, त्याचा काळा भाता, तीन पायांची घोडी हे सगळं ओटीवर आलं, की आई त्याला हळदकुंकू वाहिल्यासारखं करून म्हणायची, "आल्या गो माझ्या पाटल्या फिरून!" नाना हसत. त्यांना तिचा एक फोटो काढायचा होता, चांगला, खुर्चीवर बसवून. ती काही बसेना. फोटोनं आयुष्य कमी होतं असं तेव्हा पुष्कळ बायका म्हणत. आईचं कारण वेगळं होतं. "सोनाराची बायको, आणि बोडक्या हातांनी फोटोला बसू? लोक म्हणतील, बघा, ह्याचा धंदा कसा चाललाय तो. आधी माझ्या पाटल्या करा, मग तुमच्या डब्यापुढं बसते."

नानांचा धंदा चालायचा तो लग्नामुंजींवर. पण एक दोन वर्षं त्यांना निराळंच काम आलं. मुंबईतली काही शिकलेली मंडळी जुन्या पडक्या वास्तूंचे फोटो जमवीत होती. किनाऱ्यावरचे कोट, देवळं, थडगी, डोंगरातली लेणी. ती मंडळी सांगतील तिथं नाना जायचे. आम्हांला ह्या कामाचं भारी हसू येई. पडझडीचं कौतुक आम्हांला कशाला असणार? आम्ही पडझडीतच राहत होतो. रेवदंड्याच्या कोटात माडांच्या वाड्या, आणि वाड्यांमधून फिरंग्यांच्या देवळांच्या भिंती उभ्या. शेजाऱ्यांची म्हैस एका उंच कमानीखाली बांधलेली असे, आणि तिच्या डोक्यावर कुणा फिरंगी सरदाराचं दगडी चिन्ह. आमचा धुण्याचा दगड एकदा उलटा झाला तर खाली कोरलेली अक्षरं निघाली. नाना त्याच्यापुढं गुडघे टेकून बसले. आई म्हणाली, "वाचून झालं की सांगा. चादरी खोळंबल्यात."

अशा दगडाचा फोटो घ्यायचा तर एक गोष्ट लागते, ती म्हणजे माप. नुसता दगड काढला तर तो वीतभर आहे की डोंगराएवढा ते कळत नाही. म्हणून नाना एक बांबू बाळगून असत. एकेका फुटाला काळा पांढरा रंगवलेला. भिंतीला तो टेकवून ठेवायचा, की मुंबईच्या मंडळींना उंची मोजता येई. बांबू नसला तर माणूस उभं करायचं आणि त्याची उंची कळवायची.

चैत्रात आईच्या माहेरी, म्हसळ्याला, मामाच्या मुलीचं लग्न निघालं. नानांना त्याच वाटेवरची कुड्याची लेणी करायची होती. म्हणून आम्ही तिघं एकत्र निघालो. दाऊदचाचांच्या मचव्यातून राजपुरीपर्यंत, तिथून खाडीनं आत. दाऊदचाचा आमच्या गावचेच, तोंडानं वल्ह्यापेक्षा जास्त काम करणारे. आईला ते भाबी म्हणत, नानांना मास्तर. खाडीच्या तोंडाशी त्यांनी तिला बजावलं, "भाबी, मास्तरला डोंगरावर लय वेल बसू देऊ नको. भरती चुकली तं रातभर खाडीच्या चिखलात डास फोडीत बसावा लागंल." आई म्हणाली, "अहो, दगड दिसला की त्यांना बायको दिसत नाही, ती त्यांना काय उठवणार!"

लेण्यांपर्यंत चढून गेलो, घोडी मांडली, आणि नानांनी कपाळावर हात मारला. बांबू होडीत राहिला होता. होडी तर पाण्याबरोबर खाली सरकलेली.

"तू उभी राहा," नाना आईला म्हणाले.

"मी? मी नाही बसायची फोटोला. सांगितलंय एकदा."

"फोटो तुझा नाही गो. फोटो दगडाचा. तू नुसतं माप."

आईनं क्षणभर विचार केला. "म्हणजे बांबू विसरला म्हणून बायको?"

"तसंच समज."

"मग हरकत नाही. बांबूला कुठं पाटल्या लागतात!" असं म्हणून तिनं जांभळ्या लुगड्याचा पदर सारखा केला आणि ती जाऊन उभी राहिली.

त्या लेण्यात भिंतीवर दगडाची जोडपी आहेत. पुरुष आणि बाई, माणसाहून मोठी, अगदी आत्ताच कुठून तरी आल्यासारखी उभी. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली गार दगड, आणि बाहेर चैत्राचं पांढरं ऊन. आत उजेड फार थोडा. म्हणून नानांनी दाराशी आपलं धुतलेलं धोतर अंथरलं आणि माझ्या हातात आरसा दिला. धोतरावरून आणि आरशावरून ऊन आत फेकायचं, भिंतीवर सारखं फिरवत राहायचं, हे माझं काम. मी ते फार इमानदारीनं केलं असं म्हणवत नाही. दोन वेळा कवडसा मी मुद्दाम आईच्या डोळ्यांत सोडला. "कार्टे!" ती न हलता, ओठ न हलवता म्हणाली. कसं जमवलं कोण जाणे.

आई माप म्हणून उभी होती, पण तिची नजर काही माप नव्हती. सोनाराच्या घरात नांदलेली ती. दगडाच्या बाईला तिनं पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. "हिच्या पायातले वाळे बघा हो, मेले केवढे! चालत कशी असेल? आणि हातात कोपरापर्यंत बांगड्या. हिच्या नवऱ्यानं नव्हता घेतला कॅमेरा." नाना काळ्या फडक्यात डोकं घालून हसत होते. फडकं हलताना दिसत होतं.

मग त्यांनी मला बोलावलं. "ये, बघ." मी फडक्याखाली शिरले. आत घामाचा, जुन्या लाकडाचा आणि औषधांचा वास. समोर दुधी काच, आणि त्या काचेवर आई उलटी. पाय वर, डोकं खाली, शेजारी दगडाची बाई तीही उलटी. जांभळं लुगडं खरोखरीच्या रंगात. आईनं कपाळावरची माशी उडवली आणि काचेवरच्या उलट्या आईनंही उडवली. मी ओरडले, "आई, तू वटवाघूळ झालीस!" आणि आई हसली. ते हसू काचेवर खालच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत. मी ते पाहिलं. नंतर नानांनी दुधी काच काढून खरी काच आत सरकवली आणि मग तिथं काय उमटलं ते कुणालाच दिसलं नाही.

त्या दिवशी त्यांनी सगळ्या लेण्यांतून तिला उभं केलं. खांबाशी, हत्तीशी, कोरलेल्या अक्षरांशी. दर वेळी भिंगावरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी लावायची. तेवढा वेळ तिघंही श्वास धरून. बाहेर पाखरं ओरडत असायची, आणि आत आम्ही एकमेकांकडे बघत असायचो.

उन्हाळ्यातल्या काचा नाना लगेच औषधात धुवत नसत. चैत्र वैशाखात आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा कोमट होतं. कोमट पाण्यात काचेवरचा लेप दुधावरच्या सायीसारखा सरकतो. पावसात धुतलेली काच वाळत नाही. म्हणून त्या काळ्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवायच्या आणि थंडीची वाट बघायची. त्या वर्षी तसंच केलं. लग्न झालं, आम्ही परत आलो, पाऊस लागला.

श्रावणात आईला हिवताप आला. उतरला, परत आला. परत उतरला तेव्हा ती गेली होती.

हे वाक्य मी आजवर पुष्कळदा लिहून पाहिलंय. त्याला पुढं काही जोडता येत नाही.

समाचाराला येणारा प्रत्येक माणूस ओटीवर टेकल्यावर भिंतींकडे बघायचा आणि विचारायचा. फोटोग्राफराचं घर, गावातल्या सगळ्या नवरानवरींचे नमुने भिंतीवर टांगलेले, आणि तिचा नाही? "एखादा तरी फोटो असेल ना?" नाना म्हणत, "आहे. काचेत आहे. थंडी पडू दे." त्यांच्या ह्या "थंडी पडू दे"वर आमचं सगळं घर उभं होतं. जेवताना नाना थांबत आणि बाहेर बघत, हवा फिरली का. दुसऱ्या कशाची त्यांना घाई नव्हती. मला तर वाटायचं, ती पेटीत बसलीय, आत अंधारात, पावसामुळं कंटाळलेली, आणि थंडी पडली की बाहेर येईल, आणि आल्या आल्या म्हणेल, काय गो हा घराचा उकिरडा करून ठेवलाय!

घर बघायला भिकूआत्या आली होती, नानांची थोरली विधवा बहीण. आश्विन लागला तसं तिनं पदर खोचला. "एक वस्तू उन्हावाचून ठेवू नको गो. घरात माणूस गेलंय, कोपरान् कोपरा उजळू दे." मी आज्ञाधारक. पेटीला बाहेरून बुरशी आली होती, हे खरं. आणि काचांना ओल लागली तर नाना रडतील, असं मी मनाशी म्हटलं, हेही खरं. घरात विचारणाऱ्याला मी हेच कारण सांगत आले. इतकी वर्षं. मुलांना, सुनेला, मेलेल्या नवऱ्यालासुद्धा.

पण म्हातारपणी खोटं बोलायला चांगली स्मरणशक्ती लागते, आणि ती आता राहिलेली नाही. तेव्हा सांगून टाकते. मला आईला बघायचं होतं. थंडीपर्यंत दम निघत नव्हता. पेटी उघडायची नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण नानाच म्हणायचे ना, फोटो म्हणजे सगळं उन्हाचं काम! मग उन्हानंच काढलेलं उन्हात का दिसू नये? तेरा वर्षांच्या शहाण्या बाईचं तर्कशास्त्र हे असं.

काचा आधी सायीसारख्या पिवळट होत्या, कोऱ्या. मी सुपांशेजारी उकिडवी बसले. आणि तुम्हांला सांगते, त्या खरंच बदलायला लागल्या. आधी कडेनं, मग सगळीकडून, हळूहळू जांभळट. जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा रंग. आईचं लुगडं! लुगडं आधी आलं, आता हात येतील, मग तोंड येईल. मी तिला हाकसुद्धा मारली, हळू, आत्याला ऐकू जाऊ नये अशी. कावळा आला तर त्याच्यावर काठी उगारली. जसजसा रंग गडद होत गेला तसतशी मी खूश होत गेले. गादीचा वास येत होता, माडाची सावली एका सुपावर सरकली तर मी ते सूप ओढून परत उन्हात घेतलं. सावलीनं तिला उशीर होईल म्हणून.

नाना चौलहून सायकलवरून आले ते ह्याच वेळी. मी उठून धावले. "नाना, बघा! आईचं लुगडं आलं!"

त्यांनी सायकल माडाला टेकवली. ती पडली. ती त्यांनी उचलली नाही. ते सुपांपाशी बसले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी काचांवर पसरलं. एकावर, मग दुसऱ्या सुपावर पुरेना म्हणून अंगातला सदरा काढला आणि तो. आता कशाचा उपयोग नव्हता, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरी झाकल्या. मग एक काच कडांनी धरून, मधे बोट लागू न देता, बराच वेळ बघत राहिले.

आत्या बाहेर आली. तिला समजायला वेळ लागला नाही. "अगो कार्टे, घालवलीस तिला! एकदा देवानं नेली, राहिलेली तू घालवलीस!"

"आक्का," नाना वर न बघता म्हणाले, "तिला कुणी काही बोलायचं नाही."

आणि कुणी बोललं नाही. तीच मोठी शिक्षा. नाना बोलायचे, म्हणजे, पाणी दे, कंदील पूस, शाळेत जा. दुसरं काही नाही. मुंबईला त्यांनी कळवलं की दमट हवेनं काचा गेल्या, पुन्हा जाऊन काढतो. काचांवरचा लेप त्यांनी कढत पाण्यानं धुऊन टाकला; कोऱ्या काचा कशाला फुकट घालवायच्या? स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक तावदान फुटलं होतं, तिथं त्यांतली एक कापून बसवली. तिच्यातून मागची वाडी दिसायची, रहाट, आळवाची पानं. मी भाकरी थापायला शिकले ती त्या खिडकीपाशी. पुष्कळ दिवस मी तिच्याकडे पाठ करून बसत असे. मग एकदा चूल धुमसली, डोळे पुसताना तिकडे तोंड गेलं, आणि सवय झाली.

परवा नातीनं माझा फोटो काढला. रंगीत, दात नसलेला, अगदी हुबेहूब. म्हणाली, "आजी, तू किती हललीस, तरी कसा छान आलाय बघ." तिचा कॅमेरा मुठीत मावतो. ती दिवसभरात घरातल्या मांजराचे इतके फोटो काढते की त्या मांजराचं आयुष्य कमी होत असेल तर ते कधीच संपायला हवं होतं. मी तिला विचारलं, "तुझ्या पणजीचा चेहरा तुला ठाऊक आहे का गो?" म्हणाली, "फोटोच नाही ना तिचा." हे ती सहज बोलली. सहजच बोलायचं ते. मला आईचा चेहरा आठवतो का? खरं सांगू? आठवतो, पण उलटाच आठवतो. पाय वर, डोकं खाली, कपाळावरची माशी उडवताना. सरळ करून बघायला गेले की दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. कधी आत्याचा, कधी आरशातला माझा.

दगडाच्या बाईचा मात्र आठवतो. तिला काय, पाऊस येतात, जातात, तिला ऊन दाखवावं लागत नाही.

पौषात नाना परत कुड्याला निघाले आणि मला म्हणाले, "चल." का नेलं ते मी विचारलं नाही. दाऊदचाचांचाच मचवा. इतके बोलके चाचा, राजपुरीपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. खाडीत शिरल्यावर मात्र होडीच्या तळाशी हात घालून त्यांनी बांबू दाखवला, नवा रंगवलेला. "मास्तर, या वखताला इसरलो न्हाय बगा," म्हणाले, आणि लगेच त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. डोक्याचं फडकं सोडून ते परत बांधत बसले.

थंडीची हवा होती. डोंगरावरचं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं. लेण्यात तोच वास. नानांनी धोतर अंथरलं, घोडी मांडली. आरसा या वेळी त्यांनी माझ्या हातात दिला नाही. तो त्यांनी दगडाला टेकवून ठेवला. बांबू त्या उंचसखल फरशीवर उभा राहीना, म्हणून तो धरायला मी गेले. कुठं उभं राहायचं ते मला सांगावं लागलं नाही. मी नीट त्याच जागी जाऊन उभी राहिले, वाळेवाल्या बाईच्या शेजारी, पाय जुळवून. पदर नव्हता, तरी तो सारखा केल्यासारखा खांद्यावरून हात फिरवला. मनात म्हटलं, मी आता हलणार नाही, काही झालं तरी. माशी आली तरी. एवढं तरी मला नीट करता येऊ दे.

नाना फडक्यात गेले. पुष्कळ वेळ गेला. फडकं हलत होतं, पण ते हसत नव्हते. मग ते बाहेर आले, डोळे पुसले नाहीत, तसेच माझ्याकडे बघत उभे राहिले, आणि आश्विनापासून पहिल्यांदाच माझ्याशी माझ्या आईबद्दल बोलले.

"जरा अलीकडे सरक गो बाय. तिची जागा मोकळी येऊ दे."